आठव्या दिवसाचा करंट

यंत्र ओरडलं. दोन आखूड, एक लांब. म्हणजे छातीवरच्या चकतीला आतलं जे सापडलं होतं, ते पुन्हा हरवलं. पाऊण तासातली ही अकरावी खेप. मी काही मोजायला बसले नव्हते, पण समोर खुर्चीवर राजनंदिनी हाताची घडी घालून बसली होती आणि दर खेपेला तिची डावी भुवई वर जात होती, त्यामुळं आपोआप मोजलं गेलं.

“मावशी, हललीस.”

“नाय हलले.”

“मग डबीवर एकच काडी का दाखवतंय?”

“त्या डबीलाच विचार.”

ह्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं, श्वास मानेवर येत होता, आणि उजवा हात कॉटच्या लाकडी कडेवर टकटक टकटक वाजत होता. तीन वर्षांपूर्वी हीच टकटक घरभर असायची. ताटावर, कपावर, वर्तमानपत्रावर. मग पुण्याला नेऊन ह्यांच्या डोक्यात दोन बारीक तारा घातल्या, त्या कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणल्या आणि गळ्याच्या हाडाखाली आगपेटीएवढं यंत्र पुरलं. ते आतून मेंदूला करंट देतं आणि हात गप बसतो. आणि त्या यंत्राची बॅटरी आठव्या दिवशी भरायची. वायर नाही, पिन नाही, भोक नाही. बाहेरून कातडीवर चकती ठेवायची, आतल्या गुंडाळीला बाहेरच्या गुंडाळीनं हाक मारायची, की हवेतून, कातडीतून करंट जातो. नुसतं समोरासमोर आलं पाहिजे. बोटभर सरकलं की चकतीला जोडलेल्या डबीवरच्या काड्या पडतात, आणि दोन आखूड, एक लांब.

आमच्या गारखेड्यात नळाला पाणीही आठव्या दिवशी येतं. कुणी कट केलेला नसणार, पण दोन्ही एकाच दिवशी पडतात. न्हाणीत पिंपात धार पडत होती, तिचा आवाज ठोसर होता, म्हणजे पिंप अजून अर्धंच होतं. आवाज बारीक झाला की नळी उचलून वरच्या टाकीला लावायची. माझा एक कान तिकडं, एक कान डबीकडं. सगळ्या जगाची विज्ञानं पुढं गेली, बिनतारी करंट माणसाच्या छातीत शिरला, आणि मी अजून पिंपाच्या आवाजावरून पाणी मोजतेय. चीड कुणावर काढावी हेही कळत नाही अशा वेळी. नळावर काढावी तर तो वर्षानुवर्षं असाच. यंत्रावर काढावी तर त्याच्यामुळं माणूस स्वतःच्या हातानं जेवतो. मग राहते मी. माझ्यावर मी भरपूर काढते.

कंपनीनं चकतीबरोबर पट्टा दिला होता. तो कुठल्या पैलवानाच्या मापानं शिवलेला. ह्यांचा उजवा खांदा उतरलेला, अंगावरचं मांस गेलेलं, पट्टा दहा मिनिटांत पोटावर येतो. म्हणून तीन वर्षं राजनंदिनीच हातानं धरत आली. बाजूला उभी राहते, दोन बोटांनी चकती दाबते, दुसऱ्या हातानं मोबाईलवर कसले कसले आलेख बघते, आणि डबीवर आठच्या आठ काड्या उभ्या. तासाभरात काम फत्ते. मला ते जमत नाही. उजवा खांदा वर्षभर गोठलाय माझा. हात वेणीपर्यंत जात नाही, तर तासभर चकती काय धरणार. म्हणून मीच एक उपाय काढला. कॉटवर ह्यांच्यासमोर बसायचं, चकती ह्यांच्या छातीवर ठेवायची आणि आपल्या छातीनं दाबून धरायची. डावा हात ह्यांच्या पाठीमागून घ्यायचा, म्हणजे तेही डुलत नाहीत. उपाय अकलेचा होता. फक्त लाज वाटली. बावीस वर्षांत ह्या पोरीसमोर मी ह्यांच्या कॉटवरसुद्धा बसले नव्हते, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत मिठी मारून बसायचं, तेही परीक्षा म्हणून.

परीक्षाच होती. राजनंदिनीला रविवारी निघायचं होतं, सोमवारी बेंगळुरूला रुजू व्हायचं होतं. तिथल्या मोठ्या संस्थेत तिच्या संशोधनाला जागा मिळाली होती. चार वर्षं इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती तेच करते: रस्त्यात गुंडाळ्या पुरायच्या, वरून बॅटरीची रिक्षा गेली की चालता चालता भरायची. पण तिनं अट घातली. मावशीनं सलग तासभर एकटीनं चार्ज करून दाखवावं, मगच मी जाते. दोन आठवडे दोन्हीदा मी नापास झाले. अखेर अर्ध्यातून तिनं चकती घेतली, पण तोवर ह्यांना बसवेना झालं होतं, बॅटरी कशीबशी निम्मी झाली. ती पुरावी म्हणून डॉक्टरांना फोन करून ह्यांचा करंट कमी करून ठेवला होता, म्हणून तर हात पुन्हा वाजायला लागला होता. आता डबीवर वीस टक्के होते. शून्य झालं की आतलं यंत्र झोपतं, मग पुण्याला न्यावं लागतं, आणि न्यायचं म्हणजे ताठ झालेलं माणूस लाकडासारखं उचलून गाडीत घालायचं. ते मी एकदा पाहिलंय.

गेल्या खेपेला मी अशीच चिकटून बसले असताना हे हळूच म्हणाले होते, “तू राहू दे. पोरीलाच धरू दे.”

एवढंच. त्या सहा शब्दांवर मी आठ दिवस काढले. भाजी निवडताना, क्रांती चौकात रिक्षाची वाट बघताना, औषधाच्या दुकानात चिठ्ठी धरून उभी असताना ते शब्द वर यायचे. तू राहू दे. म्हणजे बावीस वर्षं तू केलंस ते केलंस, पण तुझ्या अंगातून काही पोचत नाही. यंत्रालाही कळतं कुणाला ओळख द्यायची. पोरगी तिच्या आईच्या वळणावर गेलीय, तिची बोटं तशीच लांब आहेत म्हणे. माझी आखूड.

आणि वर ही गरमी. चकती दाबून बसलं की पंधरा-वीस मिनिटांत छातीच्या मधोमध ऊब चढायला लागते, मग चांगलं गरम. वयच आहे ते, पन्नाशी उलटली. शेजारच्या मोनिकाला विचारलं तर ती म्हणाली, “काकू, ते असंच असतं, एकदम भट्टी पेटल्यासारखं. मान, कान, सगळं लाल.” माझी मान, कान काही लाल होत नव्हते. माझी गरमी जुन्या रुपयाएवढ्या गोल जागेत होती. मी म्हटलं, असेल; ज्याची त्याची रीत.

कान अजून न्हाणीकडं होता. धार अजून ठोसरच. राजनंदिनीनं मदतीच्या नंबरला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मैडम, चार्जर को डिवाइस के ठीक ऊपर रखिए.” राजनंदिनी म्हणाली, “वोइच तो कर रहे हम.” मुलगी म्हणाली, “मैडम, पेशंट को हिलने मत दीजिए.” पार्किन्सनच्या माणसाला हलू देऊ नका. मला हसू आलं, मी हसले, चकती सरकली, यंत्र ओरडलं.

“मावशी, प्लीज.”

मला ती मावशी म्हणते. मी ह्या घरात आले तेव्हा ती चार वर्षांची होती. आई म्हणायला लावू नका, मीच म्हटलं होतं. मोठेपणा म्हणून नाही. भीती वाटली होती, की ती म्हणेल आणि मला ते पेलणार नाही. तिची आई कडूबाई. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापानं असं नाव ठेवलं, की ह्या लेकराला तरी मरणानं तोंड लावू नये. सत्तावीस वर्षं लावलं नाही. मग काविळीचं निमित्त झालं आणि दोन आठवड्यांत गेली. मी तिला कधी पाहिलं नाही. तरी मला तिच्याइतकी जुनी संगत कुणाची नाही, कारण लग्नाच्या दिवशी, हळदीच्या अंगानं, माझ्या थोरल्या नणंदेनं, सारजाबाईंनी, कडूबाईला माझ्या गळ्यात घातलं. चांदीचा टाक. जुन्या रुपयाएवढा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात जोडलेली, नाकडोळे कुणाचेच नसलेली. आमच्यात रीतच आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला गळ्यात वागवायचं. सारजाबाई म्हणाल्या होत्या, “ही आधीची हाय बरं, लक्ष्मी. नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, सणाचा पहिला घास हिचा. मग तुझं.” मी व्हय म्हटलं. एकोणतीस वर्षांची होते, लग्नाचं वय उलटलेलं, मला कशालाही व्हय म्हणायची घाई होती.

पहिली काही वर्षं राग यायचा. आंघोळीला काढून ठेवावी तर वाटायचं खुंटीवरून बघतेय. म्हणून काढलीच नाही. साबणानं, घामानं तिचं नाक झिजलं. हळूहळू मीच तिच्याशी बोलायला लागले. तुझ्या लेकीनं आज डबा उष्टा आणला. तुझ्या नवऱ्याला वांगं चालत नाही हे मला कुणी सांगितलं नाही, तू तरी सांगायचंस. लेकीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कापड शोधता शोधता मी पोलक्यावरून तिला घट्ट धरून उभी होते. पोलक्याच्या आत असते ती, दिसत नाही. ती तिथं आहे हे राजनंदिनीला बहुधा आठवतही नसेल. ह्यांनी त्या टाकाविषयी बावीस वर्षांत एक अक्षर काढलं नाही. मी समजत आले, मनात जपलीय, बोलणार काय. आणि म्हणून मीही ती गळ्यातून काढली नाही. आता टाक पडद्याआड ठेवला तर ह्यांना वाटायचं, हिनं हाकलली.

फोन वाजला. सारजाबाईच, गंगापूरहून. राजनंदिनीनं तोही स्पीकरवर टाकला. ह्या पोरीला कानाला फोन लावायचा कंटाळा.

“भरलं का गं काकाचं?” भावाला त्या काकाच म्हणतात, काकासाहेबचा काका.

“नाही ना आत्या. मावशीला जमंना.”

“मंग त्याला हिकडं आणून घाल. माझा ऋतुराज हाय, सून हाय. तिचा हात लेकुरवाळा नाय, तिला कसं जमंल?”

मला लेकरू झालं नाही हे सारजाबाई अशा सहज म्हणतात, जसं कुणी म्हणेल आज उकडतंय. राग करावा तर त्यांच्या मनात तेवढं वाकडंही नसतं. राजनंदिनी फोनकडं बघत म्हणाली, “आत्या, मला वाढवलंय तिनं. ठेवते.” आणि ठेवलाच. मग खिडकीकडं बघत म्हणाली, “मी त्यांना मेल करते. सहा महिने पुढं ढकलतील. नाही ढकललं तर नाही.”

“खुळी का तू?”

“मग काय करू? बाबांना ताठ होऊ देऊ?”

तिचा आवाज चिरकला. मला ओरडायचं होतं, की तुझ्या पायात पाय घालायला मी बावीस वर्षं चपात्या लाटल्या नाहीत. पण ओरडलं तर चकती सरकली असती. माणसाला नीट चिडूही देत नाही हे यंत्र.

न्हाणीतली धार बारीक झाली. राजनंदिनी उठली, डोळे पुसत नळी उचलून गच्चीच्या जिन्याकडं गेली. डबीवर एक काडी, वीस टक्के. छातीच्या मधोमध रुपयाएवढी भट्टी. मला असह्य झालं. डावा हात ह्यांच्या पाठीमागून काढला, पोलक्याच्या गळ्यात घातला, म्हटलं जरा वारा लागू द्यावा, आणि बोटं कडूबाईला लागली.

ती गरम होती. उन्हात राहिलेल्या वाटीसारखी. आणि तिच्या आजूबाजूची माझी कातडी, मी बोट फिरवून पाहिलं, ती गारच होती.

मला एकदम मोतीराम आठवला. राजनंदिनीच्या प्रयोगशाळेतला शिपाई. दोन वर्षांपूर्वी तिनं मला तिथं नेलं होतं. जमिनीवर तांब्याच्या वायरीची सपाट गुंडाळी होती, ताटाएवढी. मी म्हटलं ही तर चकली, आणि सगळी पोरं हसली. वर तशीच दुसरी चकली धरली, तिला बल्ब जोडलेला, मधे नुसती हवा. बल्ब लख्ख लागला. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मोतीरामनं आपला स्टीलचा डबा आणून त्या चकलीवर ठेवला. “ताई, ह्याच्यावर कालवण लई झकास गरम होतं.” बल्ब विझत आला. राजनंदिनी त्याच्यावर खेकसली, मग मला म्हणाली, “बघ, हेच आमचं मोठं दुखणं. मधे धातूचं काही आलं ना मावशी, नाणं, किल्ली, झाकण, की करंट तोच खातो. तो तापतो आणि पलीकडं काही पोचत नाही.”

तिचा अर्धा प्रबंध त्याच्यावरच आहे. मधे आलेला धातू कसा ओळखावा.

मी ह्यांच्यापासून जराशी मागं झाले. हे माझ्याकडंच बघत होते. आजारानं चेहऱ्यावरचं हलणं गेलंय ह्यांचं, सगळं डोळ्यांत उरलंय. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनची पोरं शिकवली ह्या माणसानं. कपाटातलं त्यांचं जुनं पुस्तक दुपारी दुपारी वाचून मला प्राथमिक गुंडाळी, दुय्यम गुंडाळी कळली, तर त्यांना काय कळलं नसेल?

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“व्हय.”

“कधीपासून?”

“मागच्या खेपंला. चकतीवर खट वाजलं. चांदीचं.” आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो त्यांचा, वाट बघावी लागते.

“मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?”



“काय सांगू? तिला काढ म्हणू?”

“म्हणायचं!”

“तू इतक्या वर्षांत काढली नाय. मला वाटलं, तुझं काय तरी... नवस म्हण, माया म्हण. म्हणून म्हणलं, पोरीला धरू दे.”

बावीस वर्षं मी त्यांच्यासाठी घातली होती आणि बावीस वर्षं ते माझ्यासाठी गप होते. आठ दिवस मी ज्या सहा शब्दांवर जळले, ते मला वाचवायला बोलले होते. ह्या घरात भिंतीपलीकडून करंट जाईल, पण एक साधं वाक्य कॉटच्या ह्या कडेवरून त्या कडेवर जायचं नाही. कपाळ बडवून घ्यावं वाटलं, पण उजवा हात कपाळापर्यंत जात नव्हता.

“काढा,” मी म्हटलं.

“मी?”

“मग कोण? माझा हात जातो का मागं?”

मी मान पुढं केली. ह्यांचे दोन्ही हात माझ्या मानेमागं गेले. साखळीचा आकडा ज्वारीच्या दाण्याएवढा. ज्या बोटांनी ह्यांनी पंख्याच्या गुंडाळीतल्या केसाएवढ्या तारा जोडल्या, ती बोटं माझ्या मणक्यावर टकटक करत होती. सुटेना. नख लागलं. मी मान आणखी खाली घातली. वर गच्चीत टाकीत पाणी पडू लागल्याचा आवाज आला. मग कुठंतरी बारीक टिचकी झाली आणि छातीवरून वजन सरकलं. तोळाभर असेल नसेल, पण मला पुढं तोल गेल्यासारखं झालं. ह्यांनी टाक मुठीत धरला. मी पुन्हा चकती लावली, पुन्हा छाती टेकवली.

यंत्र ओरडलं नाही. डबीवर एक काडी, तीन, सहा, आठ.

जिन्यावर ओल्या पावलांचा फटफट आवाज झाला. राजनंदिनी दारात थांबली, डबीकडं बघितलं, परत बघितलं. “आठ? मावशी, काय केलंस?”

एक क्षण होता. खरं सांगितलं असतं तर तिला विज्ञान म्हणून आनंद झाला असता. प्रबंधात एक ओळ गेली असती. आणि मग रात्रीच्या गाडीत कुठंतरी तिला कळलं असतं, की मधे काय आलं होतं. कोण आलं होतं. ह्यांची मूठ माझ्या पाठीमागं आवळली गेली, मला पाठीला कळलं.

“काही नाय,” मी म्हटलं. “हललेच होते मी. तू म्हणत होतीस तेच खरं.”

“बघ! मी अकरा वेळा सांगितलं!”

“व्हय बाई. तू हुशार.”

ती हसली, नाक ओढलं, आणि पंख्याखाली उभी राहून काड्या मोजत राहिली, जणू कमी भरतील. तास झाला, वर वीस मिनिटं झाली. एकदाही ओरडलं नाही. शंभर झाल्यावर तिनं डॉक्टरांना विचारून ह्यांचा करंट होता तिथं नेला. आम्ही तिघंही हाताकडं बघत होतो. टकटक विरळ झाली, मग एकेक सुटी, मग थांबली. ती म्हणाली, “बॅग भरते,” आणि आत गेली. कपाटाचं दार, पिशव्यांचा चुरचुर आवाज.

ह्यांनी मूठ उघडली. तळव्यावर कडूबाई हात जोडून पडली होती.

“नको असंल तर देव्हाऱ्यात ठिवू,” हे म्हणाले. “माझ्यासाठी वागवायची नाय, हे आता तर कळलं.”

मी पोलक्याच्या गळ्यात बोट घातलं. तिथं रुपयाएवढी जागा होती, बाकीच्या अंगापेक्षा पांढरी, उघडी पडलेली. वरच्या टाकीतून पाणी ओसंडून गच्चीवर पडायला लागलं. आठ दिवसांचं पाणी, नाहक चाललं होतं. कडूबाईही मला सोडून गेली असती तर मी चिडचिड कुणाजवळ केली असती?

“कशाला?” मी म्हटलं. “आठव्या दिवशी तासभर तुम्ही धरा. बाकीचे दिवस माझ्याकडं.”

मी मान पुढं केली. आकडा एका खेपेत लागला.